मित्रासोबत युद्धस्मारक आणि तिथली बाग पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धस्मारक पाहायला निघालेल्या माणसाला पडणारे प्रश्न दोन जातींचे असतात. काही वेळेचे, वाटेचे, फोटोचे. उरलेले संकोचाचे, म्हणजे तिथं बोलायचं की नाही, बसायचं की नाही, हसू आलं तर काय करायचं. माझी अशी बहुतेक भटकंती एका जुन्या मित्रासोबत झाली. तो झाडांचा माणूस आणि मी अक्षरांचा. तो वाफ्याशी उकिडवा बसून पानं उलटी करून बघत असतो, मी भिंतीला नाक लावून नावं वाचत असतो. खालची उत्तरं आमच्या दोघांच्या सवयींतून आलेली आहेत.

किती वेळ काढून जावं?

किमान दोन तास. सोबत संग्रहालय असेल तर अख्खा दिवस. "अर्ध्या तासात होतं बघून" असं सांगणाऱ्यानं बहुधा प्रवेशद्वारापाशी फोटो काढला आणि परत फिरला. आमचा क्रम ठरलेला आहे. आधी बागेतून एक पूर्ण फेरी, मग नावं, शेवटी संग्रहालय. संग्रहालय आधी केलं तर तोफा, गणवेश आणि नकाशे बघून डोळे थकतात आणि नावांच्या भिंतीपाशी येईपर्यंत मन बधिर झालेलं असतं.

युद्धस्मारक आणि युद्ध दफनभूमी यांत काय फरक?

दफनभूमीत माणसं असतात, स्मारकावर बहुतेक वेळा फक्त नावं. लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावरच्या प्रसिद्ध स्मारकाला 'सेनोटाफ' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रिकामी कबर. वास्तुविशारद एडविन लटयन्स यांनी १९१९ साली ते लाकूड आणि प्लास्टरचं, तात्पुरतं म्हणून उभं केलं होतं. लोकांनी तिथं फुलांचे ढीग रचले आणि पुढच्याच वर्षी ते दगडात कायमचं बांधावं लागलं. वरवर सरळ दिसणाऱ्या त्याच्या उभ्या कडा प्रत्यक्षात किंचित कललेल्या आहेत. त्या तशाच वर वाढवत नेल्या तर सुमारे ३०० मीटर उंचीवर एकमेकींना भेटतील. डोळ्यांना हे कळत नाही, पण ते नुसत्या ठोकळ्यासारखं वाटत नाही ते यामुळेच.

ज्यांचा देह सापडला नाही, किंवा सापडूनही ओळखता आला नाही, त्यांची नावं स्मारकावर जातात. फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवरच्या थिएपवाल स्मारकावर अशी ७२ हजारांहून अधिक नावं आहेत. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. त्यांचीही कबर कुठं नाही, नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे.

पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच आवारात असतात. कोहिमाच्या टेकडीवर १,४२० जणांच्या कबरी आहेत आणि जवळच ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं वेगळं दहन-स्मारक आहे, कारण त्यांना धर्मानुसार अग्नी दिला गेला. आत शिरताना आपण यांपैकी कुठं आहोत एवढं माहीत असावं, कारण त्यावर पाय कुठं ठेवायचा ते ठरतं.

बाग कशासाठी? ती नुसती शोभेची असते का?

माझा मित्र या प्रश्नावर चिडतो, म्हणून हे उत्तर लांबणार.

पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर नावाच्या गृहस्थांनी कबरींच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्यातून २१ मे १९१७ रोजी इम्पीरियल वॉर ग्रेव्ज कमिशन स्थापन झालं. आज तेच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन म्हणून ओळखलं जातं आणि दीडशेहून अधिक देशांत सुमारे १७ लाख मृतांची स्मृती सांभाळतं. संस्था स्थापन व्हायच्या आधीच, १९१६ मध्ये, लंडनच्या क्यू उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर हिल यांना फ्रान्समधल्या कबरी पाहायला पाठवलं होतं. तिथं काय उगवेल, काय तगेल हे त्यांनी ठरवायचं होतं. बागकामात तेव्हा मोठं नाव असलेल्या गर्ट्रूड जेकिल यांनी काही दफनभूमींसाठी लागवडीचे आराखडे काढून दिले. म्हणजे वास्तुविशारद आणि माळी पहिल्यापासून बरोबरीनं कामाला होते.

आता बारकावा बघा. या दफनभूमींत कबरींवरच्या नाव कोरलेल्या शिळांच्या अगदी पायथ्याशी बुटकी झाडं लावतात. पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटले की चिखल उडतो आणि खालच्या ओळी माखतात. झाडांमुळे तो उडत नाही. पण झाडं उंच वाढून चालत नाहीत, नाहीतर अक्षरं झाकली जातात. हे मला मित्रानं दाखवलं तोवर मी त्या रोपांकडं पाहिलंही नव्हतं. "अरे, हे रोप त्याचं नाव धुवून ठेवतंय," तो म्हणाला आणि पुढच्या वाफ्याकडं सरकला.

प्रत्येक देशानं बागेतून वेगळं काही सांगितलेलं दिसतं. बेल्जियममधल्या लांगेमार्क इथल्या जर्मन दफनभूमीत फुलं जवळजवळ नाहीतच. ओक वृक्ष, त्यांची दाट सावली आणि जमिनीला टेकलेल्या गडद शिळा. ४४ हजारांहून अधिक माणसं तिथं आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त एकाच सामायिक कबरीत. थोड्याच अंतरावरच्या टाइन कॉट या कमिशनच्या दफनभूमीत मात्र पांढऱ्या शिळा, गुलाब, उघडं आभाळ. एकाच दिवशी दोन्ही पाहिली तर झाडांची निवड हीसुद्धा एक भाषा आहे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात चार वर्तुळं एकात एक आहेत. अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि सगळ्यात बाहेरचं रक्षक चक्र. हे बाहेरचं वर्तुळ भिंतीचं नाही, सहाशेहून अधिक झाडांचं आहे. सीमेवर उभ्या असलेल्या जवानांच्या जागी ती झाडं कल्पिलेली आहेत. बहुतेक पाहुणे सावली मिळाली म्हणून तिथं टेकतात आणि आत निघून जातात. टेकायला हरकत नाही, पण आपण कुणाच्या सावलीत बसलोय ते माहीत असू दे.

काही झाडं तर स्वतःच साक्षीदार असतात. कोहिमात १९४४ च्या लढाईत एका चेरीच्या झाडावरून जपानी नेमबाज गोळ्या झाडत होते. ते झाड लढाईत उद्ध्वस्त झालं, आज दिसतं ते त्याच्या बुंध्यातून फुटलेलं. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या आवारात एक पाइन आहे. गॅलिपोलीच्या लढाईत भाऊ गमावलेल्या एका सैनिकानं रणांगणावरून पाइनचं बोंड आईला पाठवलं, त्यातल्या बीचं ते झाड १९३४ साली इथं लावलं.

आणि बाग मेली तर काय होतं, याचं उदाहरण डब्लिनचं. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ४९,४०० आयरिश सैनिकांसाठी लटयन्स यांनी तिथं एक देखणं उद्यान आखलं. खोलगट गुलाबबागा, कारंजी, मृतांच्या नावांची पुस्तकं ठेवायची ग्रॅनाइटची दालनं. १९३० च्या दशकात काम झालं तेव्हा अधिक माणसांना रोजगार मिळावा म्हणून यंत्रं मुद्दाम कमी वापरली. मजुरांत निम्मे पूर्वी ब्रिटिश सैन्यात असलेले आणि निम्मे आयरिश सैन्यात असलेले. पण ब्रिटिश गणवेशात मेलेल्या आयरिश माणसांचं काय करायचं, हे स्वतंत्र आयर्लंडला दीर्घकाळ ठरवता येईना. उद्यान ओसाड पडलं, रान माजलं. डागडुजी होऊन ते १९८८ साली रीतसर खुलं झालं. दगड तेवढी वर्षं जागच्या जागीच होते. देशाच्या मनात काय चाललंय ते गुलाबांवरून कळत होतं.

कोणत्या ऋतूत जावं?

झाडं फुलतात तेव्हा सगळेच जातात. मित्राचं मत वेगळं आहे. बागेचा सांगाडा पाहायचा तर पानगळीनंतर जावं, कारण तेव्हा वाटा, कडा, झाडांच्या रांगा आणि त्यामागचं गणित उघडं पडतं. मला सकाळ किंवा संध्याकाळ हवी असते, ऋतू कुठलाही चालतो. ऊन तिरकं पडलं की कोरलेल्या अक्षरांत सावली भरते आणि झिजलेली नावंसुद्धा वाचता येतात. भर दुपारी तीच भिंत कोरी दिसते.

पॉपीची लाल फुलंच का दिसतात सगळीकडे?

शेतातल्या रानटी पॉपीचं बी मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि माती उकरली गेली, उजेड लागला की उगवतं. तोफांनी फ्रान्स-बेल्जियमची माती इतकी उकरली की उद्ध्वस्त शेतांत दुसरं काही नसताना ही फुलं आली. जॉन मॅक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरनं १९१५ साली त्यावर कविता केली आणि फूल खूण बनलं. फ्रान्समध्ये तोच मान निळ्या कॉर्नफ्लॉवरला आहे, ऑस्ट्रेलियात पॉपीच्या जोडीला रोझमेरीची डहाळी लावतात.

भिंतीवर हजारो नावं असतात. वाचायची कुठून?

सगळी वाचायची नाहीत. कुणालाच ते जमत नाही आणि प्रयत्न केला तर पन्नासाव्या नावानंतर नुसती अक्षरं उरतात.

आधी नावं कोणत्या क्रमानं लावली आहेत ते शोधा. ब्रिटिश परंपरेच्या स्मारकांवर साधारण आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग आडनावांची वर्णमाला असा क्रम असतो. म्हणजे एका तुकडीची माणसं भिंतीवरही एकत्र उभी असतात. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाचा क्रम अगदी निराळा. माया लिन ही एकवीस वर्षांची विद्यार्थिनी १,४२१ आराखड्यांतून निवडली गेली, आणि तिनं ५८ हजारांहून अधिक नावं मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावली. यादी भिंतीच्या मधल्या कोपऱ्यापासून सुरू होते, उजव्या टोकाला जमिनीत शिरते, डाव्या टोकाला पुन्हा जमिनीतून वर येते आणि मध्यावरच संपते. युद्धातला पहिला बळी आणि शेवटचा बळी एकमेकांना खेटून आहेत. तिथला काळा ग्रॅनाइट भारतातून, बंगळूरच्या परिसरातून गेलेला, आणि त्याला इतकी चकाकी दिली आहे की नावं वाचताना त्यांच्यामागं आपलाच चेहरा दिसत राहतो.

क्रम कळला की एकच नाव निवडा. मी आणि मित्र दोघं वेगवेगळं निवडतो आणि फाटकापाशी परत भेटलो की एकमेकांना सांगतो. तो कुणाचं निवडतो माहीत आहे? ज्याच्या नावाजवळ शेवाळ धरलंय त्याचं. मी एकच आडनाव लागोपाठ दोनदा दिसलं की थांबतो. भाऊ असतील का, बाप-लेक असतील का, की नुसता योगायोग. घरी आल्यावर नोंदी चाळून कधी उत्तर मिळतं, कधी मिळत नाही.

एखादं ठरावीक नाव शोधायचं असेल तर?

घरूनच तयारी करून निघा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव घातलं की स्मारक, फलकाचा क्रमांक किंवा कबरीचा प्लॉट, रांग आणि क्रमांक मिळतो. नावाची स्पेलिंग चार-पाच प्रकारे करून पाहा. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, आणि भारतीय नावांचे तर हाल विचारू नका. बऱ्याच दफनभूमींत प्रवेशापाशी भिंतीत एक छोटं धातूचं दार असतं, आत नोंदवही आणि अभिप्रायाची वही. उघडायला परवानगी लागत नाही, ते त्यासाठीच आहे.

भिंतीवर मेलेल्या सगळ्यांची नावं असतात का?

नाही, आणि हे स्वच्छ सांगायला हवं.

जागा पुरत नाही हे एक साधं कारण. बेल्जियममधल्या ईपर गावच्या मेनिन गेटवर ५४ हजारांहून अधिक नावं कोरली तरी बेपत्तांची यादी संपेना, म्हणून १५ ऑगस्ट १९१७ नंतर बेपत्ता झालेल्या सुमारे ३५ हजार ब्रिटिश सैनिकांची नावं टाइन कॉटच्या भिंतीवर न्यावी लागली.

दुसरं कारण कटू आहे. मरणानंतर सगळे समान हे कमिशनचं पायाभूत तत्त्व. पण २०२१ साली त्यांच्याच चौकशी अहवालात मान्य झालं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंद झाली नाही, आणि काहींची तर कसलीच आठवण ठेवली गेली नाही. त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन. आणखी ४५ ते ५४ हजारांच्या वाट्याला असमान वागणूक आली, त्यांत भारतीयही होते. कमिशननं जाहीर माफी मागितली.

म्हणून भिंतीपाशी उभं राहिलं की कोण आहे याबरोबर कोण नाही हेही विचारावं. फ्रान्समध्ये नव्ह-शापेल इथं भारतीयांसाठी वेगळं स्मारक आहे, १९२७ सालचं. गोल आवार, कमळाचा माथा असलेला अशोकस्तंभाच्या धर्तीचा खांब, दोन दगडी वाघ आणि ४,७०० हून अधिक नावं. त्यांत लढवय्यांसोबत मजूरही आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटकडं आपण कमान म्हणून पाहतो, पण मान वर करून पाहिलं तर तिच्यावर १३ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत.

नंतर देह सापडला तर?

रीत वेगवेगळी. कॉमनवेल्थच्या पद्धतीत त्याला नावाची कबर मिळते आणि बेपत्तांच्या भिंतीवरचं नाव यथावकाश काढलं जातं. अमेरिकी दफनभूमींत नाव तसंच ठेवून शेजारी फुलासारखी एक धातूची खूण बसवतात. आमचं यावर एकमत नाही. मला खूण बरी वाटते. मित्र म्हणतो, घरी पोचलेल्या माणसाचं नाव हरवलेल्यांच्या यादीत का ठेवायचं?

सगळ्या शिळा सारख्याच का?

जनरल आणि शिपाई, श्रीमंत आणि गरीब यांत फरक नको म्हणून. उंची ८१ सेंटिमीटर, रुंदी ३८. तेव्हा यावरून ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला होता, कारण पैसेवाल्या घरांना मुलाचा देह परत आणायचा होता आणि ते नाकारलं गेलं. कुटुंबाला मोकळीक मिळाली ती तळाच्या एका ओळीपुरती. अक्षरं जास्तीत जास्त ६६, मधल्या मोकळ्या जागा धरून. हे कळल्यापासून मी आधी तळाची ओळ वाचतो. शिळेवरचा बाकीचा सगळा मजकूर लष्कराचा आहे, तेवढी ओळ आईची, बायकोची किंवा बापाची आहे.

ओळख न पटलेल्यांच्या शिळेवर 'देवालाच ठाऊक' अशा अर्थाचे शब्द आहेत. ते रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवले. त्यांचा मुलगा जॉन १९१५ साली लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

फोटो काढावेत का? सेल्फी?

फोटो काढा. फलक, बाग, एखादं नाव, मित्र बाकावर बसलेला, काहीही. सेल्फीचं म्हणाल तर मागं कुणाचं तरी नाव स्पष्ट वाचता येत असेल आणि पुढं आपण दात काढून हसत असू, तर तो फोटो घरी नीट बघा आणि मग ठरवा. ज्योतीपाशी आणि तैनात जवानांजवळ ठिकाणाचे नियम असतात, ते पाळा. शेजारी कुणी एकाच नावासमोर बराच वेळ उभं असेल तर त्या दिशेला कॅमेरा वळवू नका.

झिजलेली अक्षरं वाचण्यासाठी खडू, पीठ वगैरे चोळलं तर चालतं का?

मुळीच नाही. कण दगडाच्या छिद्रांत शिरतात, ओल धरतात आणि जे वाचायला तुम्ही आलात तेच पुसलं जातं. मोबाइलची टॉर्च बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. अक्षर उठून दिसतं. कागद ठेवून पेन्सिल घासणं व्हिएतनाम स्मारकावर रुळलेलं आहे, पण म्हणून ते सगळीकडे चालतं असं नाही. नॉर्मंडीच्या अमेरिकी दफनभूमीत नातेवाईक आले की तिथले कर्मचारीच ओमाहा किनाऱ्यावरची ओली वाळू नावात भरून देतात, त्यामुळे फोटोत नाव सोनेरी दिसतं. ते त्यांच्या हातचं काम आहे, आपण वाळू घेऊन जायचं नाही.

फुलं न्यावीत का?

न्या. प्लास्टिकचं वेष्टन, चमकी, रिबिनी नकोत, कारण ते शेवटी माळ्याला वेचावं लागतं. आणि तिथल्या वाफ्यातलं फूल तोडून तिथंच वाहू नका. हे सांगावं लागतं, कारण मी हे पाहिलं आहे.

बिगूल किंवा मानवंदना सुरू झाली तर काय करायचं?

उभे राहा, टोपी काढा, फोन बंद करा, थांबा. टाळ्या नकोत. मेनिन गेटखाली १९२९ पासून रोज रात्री आठ वाजता बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांना निरोप देणारी धून वाजते, फक्त जर्मन ताब्याच्या काळात खंड पडला. तिथं पाहुण्यांना टाळ्या न वाजवण्याची विनंती असते. सूर संपल्यावर हात आपोआप जुळून येतात आणि मध्येच थबकतात, ते अवघडलेपण बरोबर आहे. कॅनबेरात रोज संध्याकाळी अशाच समारंभात यादीतल्या एकाच माणसाची गोष्ट सांगतात. दिल्लीतही संध्याकाळच्या कार्यक्रमात हुतात्म्यांचे नातेवाईक पुष्पचक्र वाहतात. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आधी पाहून घ्या. आम्ही एकदा न विचारता गेलो आणि दुसऱ्या दिवशीच्या समारंभाची तालीम चालू असल्यानं दोन तास दोरीबाहेर उभे राहिलो. मित्रानं तेवढ्यात कुंपणाची सगळी झाडं ओळखून काढली.

मित्रासोबत असताना बोलायचं की गप्प राहायचं?

बागेत बोला. भिंतीपाशी कमी बोला. खरी अडचण आवाजाची नसते, चालण्याच्या वेगाची असते. एकाला दहा मिनिटांत पुढं जायचं असतं, दुसरा तिसऱ्याच फलकाशी अडकलेला, आणि दोघंही एकमेकांसाठी ताटकळत मनात कुरकुरतात. आत शिरतानाच ठरवून टाका, "तासाभरानं त्या बाकावर भेटू." सोबत जाणं म्हणजे चिकटून चालणं नव्हे. हसू आलं तर येऊ द्या. त्या नावांपैकी बहुतेकांचं वय वीस-बावीसचं होतं, तेही मित्रांसोबत खिदळतच असत.

मित्र माजी सैनिक असेल, किंवा त्याच्या घरचं कुणी युद्धात गेलेलं असेल तर?

पुढं तो चालेल, तुम्ही मागं. "तू कुणाला मारलंस का?" हा प्रश्न कधीही, गंमतीतही, विचारू नका. एखाद्या फलकापाशी तो थांबला तर कारण विचारायची घाई नको. बोलला तर ऐका, नाही बोलला तर पाण्याची बाटली पुढं करा. आणि "देशासाठी गेला, भाग्यवान" यांसारखी वाक्यं घरच्यांनी शेकडो वेळा ऐकलेली असतात. त्यापेक्षा "कसा होता रे तो?" एवढंच विचारलं तर पुष्कळदा चेहरा उजळतो.

मित्राला युद्धस्मारकं मुळातच पटत नाहीत. त्याला न्यावं का?

अवश्य. अशा माणसाला खोटं गौरवीकरण पटकन दिसतं आणि तुम्हालाही ते दाखवतो. वाद घालायचा तो बाहेर आल्यावर घाला. त्याला जपानच्या ओकिनावा बेटावरचं 'शांततेची कोनशिला' हे स्मारक सांगा. १९९५ साली उभारलेलं, समुद्राकडं तोंड केलेल्या काळ्या भिंती, आणि त्यांवर १९४५ च्या लढाईतल्या सगळ्या बाजूंच्या मृतांची नावं. ओकिनावाचे नागरिक, जपानी सैनिक, अमेरिकी, कोरियन. २ लाख ४० हजारांहून अधिक, आणि अजून भर पडते आहे. मित्र ज्या देशाचा आहे तो तुमच्या देशाविरुद्ध लढलेला असेल, तरी हीच जागा सांगावी.

लहान मुलांना न्यावं का? कुत्रा?

मुलांना न्या. त्यांना नाव शोधायचं काम द्या, मात्र कबरींवरून उड्या नकोत. कुत्र्याबद्दल फाटकावरची पाटी वाचा.

चालायला त्रास असेल तर?

आधी फोन करून विचारा, आणि नेमकं विचारा. पायऱ्या किती, वाट फरशीची की खडीची, चाकाची खुर्ची कुठून जाते. खोलगट बागा आणि टेकडीवरची स्मारकं इथं अडचण असते. कोहिमाची दफनभूमी तर टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्यांनी चढत जाते. वर, जिथं एके काळी टेनिसचं मैदान होतं आणि त्याच्या दोन टोकांना दोन सैन्यं होती, तिथं मैदानाच्या पांढऱ्या रेघा अजून राखलेल्या आहेत. चढणं जमणार नसेल तर मित्राला वर पाठवा आणि आल्यावर त्याच्याकडून सगळं वदवून घ्या.

आत बसून काही खाल्लं तर?

दफनभूमीत नको. बाहेरच्या बागेत बाक असतील आणि मनाईची पाटी नसेल तर खा, कचरा सोबत न्या.

तिथल्या माळ्यांशी बोलावं का?

जरूर बोला. माहितीफलक एकदा छापला की वर्षानुवर्षं तोच राहतो, माळ्याला मात्र कालचं माहीत असतं. कुठल्या शिळेपाशी दरवर्षी कुणी येतं, कुठला गुलाब या मातीत धरत नाही, कुठलं झाड मूळचं आणि कुठलं नंतरचं. फक्त काम चालू असताना यंत्राच्या आवाजात हाका मारू नका. माझा मित्र सरळ शेजारी बसून तण उपटायला लागतो. हे बहुधा नियमात बसत नसावं, पण आजवर कुणी त्याला उठवलेलं नाही.

बंद व्हायच्या वेळेलाच पोहोचलो तर?

धावत आत शिरू नका. बाहेरून कुंपणाला वळसा घाला, बाग बाहेरूनही बरीच दिसते. पहारेकऱ्याला उद्याची उघडायची वेळ विचारा आणि मित्राची गाडी सकाळीच असेल तर निदान फाटकाजवळचा पहिला फलक तरी वाचून निघा.